कोकणातल्या वाल-चवळीत तणनाशक: मारायचं कसं आणि मातीचं काय होतंय ते बघायचं कसं

भात कापून झालं की आपल्याकडे वालाची घाई सुरू होते, ओल जायच्या आत बी पडलं पाहिजे, आणि त्याच गडबडीत दुकानात उभं राहून माणूस विचारतो, "कडधान्याला तणनाशक कुठलं चालतं हो?" दुकानदार एक बाटली काढतो, पंपाला एवढी टोपणं टाका म्हणून सांगतो, विषय संपला. पण बाटलीवरचा हिशोब असतो हेक्टरचा, पीक बहुतेक वेळा सोयाबीन नाहीतर भुईमूग, आणि आपलं शेत म्हणजे चार ठिकाणी तुकड्यांत पसरलेले गुंठे. शिवाय आपली माती जांभ्याची, आंबट, उताराची, जून-जुलैत धो धो भिजणारी आणि जानेवारी संपता संपता कडक होणारी. तेच औषध इथे वेगळं वागतं. म्हणून आधी माती समजून घ्यायची आणि मग बाटली निवडायची, असं माझं म्हणणं आहे आणि खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

आधी ठरवा, मारायचंय का खरंच?

कुळथाला माझ्या मते तणनाशक लागतच नाही. वेळेवर आणि दाट पेरलेला कुळीथ महिनाभरात जमीन झाकून टाकतो, खाली तणाला ऊनच मिळत नाही. सुरुवातीला एक हात फिरवला की झालं. वालाचं वेगळं आहे, वाल सुरुवातीला रेंगाळतो, पहिले तीन आठवडे नुसता उभा असतो आणि तेवढ्यात तण वर निघून जातं. चवळी, मूग, उडीद साधारण मधले.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की कडधान्याला तणाचा खरा त्रास पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवसांत होतो. मूग-उडदासारख्या लवकर येणाऱ्या पिकात हा काळ अजून आखूड, १५ ते ३० दिवसांचाच. तेवढ्या दिवसांत शेत स्वच्छ राहिलं तर पुढे आलेलं तण पिकाचं फारसं वाकडं करत नाही. म्हणजे दोन महिन्यांनी गवत दिसलं म्हणून पंप उचलण्यात काही अर्थ नाही, तोवर जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि औषध मात्र मातीत राहतं.

चार-पाच गुंठेच वाल असेल आणि घरात बेणायला (हाताने तण काढायला) दोन माणसं असतील तर औषधाच्या वाटेला जाऊ नका. २० दिवसांनी एक आणि ३५-४० दिवसांनी दुसरी बेणणी, बस. पण वाडीत माणसंच नाहीत, पोरं मुंबईला, मजूर आंब्याच्या फवारणीत अडकलेले आणि वाल अर्धा एकर, अशी परिस्थिती असेल तर पुढे वाचा.

पेंढ्याचं आच्छादन हा उत्तम उपाय, तण दबतं आणि ओलही टिकते, पण पेंढा आधी गुरांना आणि मग आंब्याच्या आढीला लागतो, उरतो कुठे. उरला तर जरूर अंथरा. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यायचं, ते मारून मग पेरायचं, ही युक्ती खरीपात वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरच्या उडदा-तुरीला चालते. रब्बीत नाही चालत, कारण तण उगवायची वाट बघत बसलं तर ओलच निघून जाते.

तण ओळखा, नाहीतर पैसे पाण्यात

शेतात चक्कर मारून नुसतं तीन गटांत बघायचं. गवतवर्गीय, म्हणजे पाखड, हरळी वगैरे अरुंद पानांचं. रुंद पानांचं, म्हणजे माका, एकदांडी, ओसाडी, दुधाणी, केना, भातखाचरात हटकून येणारी गोरखमुंडी, खाली पसरणारी लाजाळू. आणि तिसरा लव्हाळा, जो गवतासारखा दिसतो पण गवत नाही, दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात, आणि उपटला की खाली गाठ राहते.

हे एवढ्यासाठी की प्रत्येक औषधाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. पेंडीमिथॅलिन बियांतून उगवणारं तण मारतं, विशेषतः गवत आणि बारीक बियांचं रुंद पानाचं, पण लव्हाळ्याच्या गाठीला आणि जुन्या हरळीच्या जमिनीखालच्या काशाला त्याचं काही वाटत नाही. क्विझालोफॉप फक्त गवत मारतं, माक्याच्या पानावर पडलं तरी माका हिरवागारच. आता गंमत बघा, एकाच शेतात वर्षानुवर्षं एकच औषध मारत राहिलात तर ज्याला ते लागू पडत नाही ते तण मोकाट वाढतं, कारण त्याची स्पर्धाच संपली. "पूर्वी एवढा लव्हाळा नव्हता" असं जे लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी उत्तर हेच असतं.

गुंठा मोजा, पंप मोजा

हा भाग कंटाळवाणा आहे पण निम्म्या चुका इथेच होतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. दोरी घेऊन चार खुंट्या ठोका. पंपात नुसतं ५ लिटर पाणी घ्या आणि नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारा. पाणी बरोबर संपलं तर तुमची चाल एकरी २०० लिटरची, म्हणजे हवी तशी. गुंठा पुरा व्हायच्या आधी संपलं तर भरभर चाला, उरलं तर सावकाश. दोन-तीनदा केलं की पायांना अंदाज येतो.

नोझल आंबा फवारायचं गोल फवाऱ्याचं नको, चपटा पट्टा पडणारं घ्या, दुकानात फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट म्हणून मिळतं, पाच-पन्नास रुपयांची वस्तू आहे, दुसऱ्याचं उसनं आणून चालवू नका.

या चालीने १५ लिटरचा एक पंप ३ गुंठ्यांना पुरतो. मग हिशोब सोपा, एकरी जितकं औषध त्याला ४० ने भागलं की गुंठ्याचं आणि त्याला ३ ने गुणलं की पंपाचं. टोपणाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं, मेडिकलमधून एक सिरिंज आणून ती फक्त ह्याच कामाला ठेवा.

पेरल्यावर लगेच: पेंडीमिथॅलिन

कडधान्यासाठी पेरणीनंतर आणि उगवणीपूर्वी मारायचं सगळ्यात ओळखीचं औषध हेच. ३० ईसी प्रकारचं (आकडा म्हणजे औषधाची टक्केवारी, अक्षरं म्हणजे बनवण्याचा प्रकार) असेल तर हेक्टरी अडीच ते सव्वातीन लिटर, म्हणजे एकरी १ ते १.३ लिटर, म्हणजे गुंठ्याला २५ ते ३३ मिली, १५ लिटरच्या पंपाला ७५ ते १०० मिली. आपल्या हलक्या, मुरमाड जमिनीत खालचाच आकडा धरा. ३८.७ सीएस असेल तर मात्रा वेगळी, एकरी ७०० मिलीच्या आसपास, तेव्हा बाटलीवर कुठला आकडा आहे ते आधी वाचा, दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि लेबलवर तुमचं पीक लिहिलंय का तेही बघा, लिहिलं नसेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) नाहीतर दापोली विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात विचारून मगच.

हे औषध मातीच्या वरच्या थरात एक पातळ पडदा करतं. त्यातून वर येणाऱ्या तणाच्या कोंबातलं पेशींचं विभाजन थांबतं आणि तो तिथेच सुकतो. म्हणजे पडदा अखंड पाहिजे आणि ओलसर पाहिजे. म्हणून:

पेरल्यापासून २४ तासांत, फार तर ४८ तासांत मारा, माती वर सुकून पांढरी पडली असेल तर औषध वरच राहतं, उन्हाने आणि हवेत उडून जातं. ढेकळं फोडून घ्या, ढेकळाच्या सावलीत औषध पोचत नाही आणि नेमकं तिथूनच तण निघतं. भाताचे धस (कापणीनंतर उरलेले बुडखे) आणि काड आडवं पडलेलं असेल तर बाजूला करा. बी ३-४ सेंटीमीटर खाली झाकलेलं पाहिजे, वर उघडं पडलेल्या वालाला औषध सरळ लागतं. आणि मारताना मागे मागे सरकत मारा, म्हणजे फवारलेल्या जागेवर आपलेच पाय पडत नाहीत.

टोकण केलेल्या वालाला, म्हणजे नांगरट न करता धसांमध्येच बी खुपसलेलं असतं तिथे, याचा फारसा उपयोग होत नाही. भोकं नीट बुजत नाहीत आणि आधीच उगवलेल्या तणाला हे औषध काहीच करत नाही. तिथे बेणणीच बरी.

वेळ सकाळची. साधारण दहा-अकराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की फवारा सरळ शेजाऱ्याच्या भाजीवर जातो.

२० दिवसांनी: बघा, मग ठरवा

विसाव्या दिवशी शेतात जाऊन बसा. उभ्याने नाही, बसून, कारण तण दोन-तीन पानांवर असताना उभ्याने दिसतच नाही. गवतच जास्त असेल तर क्विझालोफॉप ५ ईसी, एकरी ३०० ते ४०० मिली, पंपाला २२ ते ३० मिली. गवत दोन ते चार पानांचं असताना. लागू पडलं की नाही ते आठवड्याने कळतं, गवताचा मधला पोंगा हळूच ओढा, तो अलगद हातात येतो आणि बुडाशी तपकिरी, कुजलेला दिसतो. वरून पान हिरवं दिसतंय म्हणून दुसऱ्यांदा मारायची घाई करू नका, गवत मरायला दोन-अडीच आठवडे घेतं. जमीन सुकलेली असेल, गवत स्वतःच तहानेने कोमेजलेलं असेल तर हे औषध काम करत नाही.

रुंद पानाचं तण असेल तर हाताने काढा. इमॅझेथॅपायर आहे की, असं दुकानात सांगतील. ते गवत, रुंद पान दोन्हीवर चालतं, लव्हाळ्यालाही थोडं दाबतं, मूग-उडदात त्याचे प्रयोग झालेले आहेत. पण लेबलवर मुख्य पिकं सोयाबीन आणि भुईमूग, वाल नाही, आणि आपल्या मातीत ते मला नको वाटतं, त्याचं कारण पुढे सांगतो. मुगावर मारलंत तर कोवळी पानं आठ-दहा दिवस पिवळट पडतात, पेरं आखडतात, मग पीक सावरतं. पण आपलं रब्बीचं पीक उरलेल्या ओलीवर चाललेलं असतं, त्याला हे आठ-दहा दिवस महाग पडतात.

पंप वेगळा ठेवा

आमच्या वाडीतली गोष्ट. एकाने भाताला टू-फोर-डी (रुंद पानाचं तण मारणारं औषध) मारलेला पंप पाण्याने खळखळून धुतला आणि तोच पुढे चवळीवर कीटकनाशकासाठी वापरला. चौथ्या दिवशी चवळीचे शेंडे विंचवाच्या नांगीसारखे वळले, नवीन पानं चिंचोळी, शिरा जवळ आलेल्या, आणि अख्खा बांध तसाच. लोक म्हणाले व्हायरस. व्हायरस रांगेने आणि फवारणीच्या पट्ट्याने येत नाही हो, सुरुवातीच्या दोन सरींत जास्त आणि पंप रिकामा होत आला तशी कमी, हे बघितल्यावर कळलं. कडधान्याला टू-फोर-डीचा वास सुद्धा सोसत नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, पाइप आणि नोझलमधूनही ते पाणी काढा, मग तीनदा साध्या पाण्याने. आणि ते धुतलेलं पाणी पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका. पेंडीमिथॅलिन माशांना फार विषारी आहे.

आता माती

लोक दोन टोकं बोलतात. एक म्हणतात तणनाशकाने जमीन मेली, दुसरे म्हणतात काहीच होत नाही. शिफारशीच्या मात्रेत, एकदा मारलेल्या औषधाने मातीतल्या जिवाणूंची हालचाल आधी थोडी खाली जाते आणि काही आठवड्यांत बहुतेक वेळा पुन्हा वर येते. दुप्पट मात्रा मारली, पट्टा पट्ट्यावर चढला, किंवा वर्षातून तीन-चारदा मारलं की हा सावरायचा वेळ लांबतो.

औषध मोडतं ते मुख्यतः जिवाणूंमुळे, आणि जिवाणूंना ओल लागते. इथेच आपली गोम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात मारलेलं औषध मोडायला सुरुवात होते न होते तोच जमीन सुकते, जिवाणू झोपतात आणि औषधाचं मोडणं जूनच्या पावसापर्यंत रेंगाळतं. त्यात इमॅझेथॅपायरचा स्वभाव असा की माती जेवढी आंबट तेवढं ते मातीला जास्त चिकटून बसतं आणि जिवाणूंच्या हाती कमी लागतं, म्हणजे जास्त दिवस टिकतं. आपल्या बऱ्याच जमिनींचा सामू (पीएच, जेवढा कमी तेवढी माती आंबट) साडेपाच-सहाच्या घरात. आणि साध्या भाताला हे औषध सोसत नाही, हे औषध सोसणाऱ्या भाताच्या जाती मुद्दाम वेगळ्या काढाव्या लागल्या. ज्या खाचरात जूनमध्ये रोप टाकायचंय तिथे डिसेंबरात ते मारणं मला पटत नाही, ते एवढ्यासाठी.

पेंडीमिथॅलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणांना धरून राहतं, त्यामुळे विहिरीत झिरपायची भीती कमी. पण उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून गेली की तिच्यासोबत तेही पऱ्यात जातं. बांध दुरुस्त ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

गाठींचं स्वतः बघा. कडधान्याच्या मुळावरच्या रायझोबियम जिवाणूंच्या गाठी हवेतला नत्र पिकाला देतात, त्या कमी झाल्या तर कडधान्य घेण्यातला अर्धा फायदा गेला. पेंडीमिथॅलिन जास्त झालं की बारीक बाजूची मुळं खुंटतात, आणि गाठी धरतात त्या याच बारीक मुळांवर. दरवर्षी शेताचा एक पट्टा, अर्धा गुंठा का होईना, औषध न मारता सोडा, तो हाताने बेणा. ३०-३५ दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडं खणून काढा, उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. बादलीत बुडवून माती सोडवा, गाठी मोजा, नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल म्हणजे चालू. हिरवट, तपकिरी म्हणजे संपलेली. मारलेल्या पट्ट्यात गाठी निम्म्याने कमी दिसल्या तर पुढच्या वर्षी मात्रा, नोझल, चाल, सगळं तपासा. बियाण्याला रायझोबियम लावत असाल तर, १० किलोला २५० ग्रॅम, बुरशीनाशक आधी आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, सावलीत. शेणखत घालत राहा, ज्या मातीत सेंद्रिय भाग जास्त तिथे औषध मोडणारी वस्तीही जास्त.

बांधावरचं ग्लायफोसेट

बांध साफ करायला हे तणनाशक सर्रास मारतात, आणि काही जण त्यात मीठ टाकतात. मीठ टाकू नका, गवत जळल्यासारखं दिसतं पण मीठ मोडत नाही, आणि खाडीकाठच्या लोकांना खाऱ्या जमिनीचं दुःख काय असतं ते विचारा. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरायचं आहे, दुकानात सहज मिळतं म्हणून ते चालतं असं नाही. आपल्या जांभ्या मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला ते घट्ट चिकटतं, त्यामुळे मुळांतून पिकाला फारसं लागत नाही, पण चिकटलं म्हणजे नाहीसं झालं असंही नाही. बांधावर तूर असेल तर विषयच सोडा, एक झुळूक आणि तूर गेली. बांध कोयत्याने साफ करा.

आणि हे रायगडकरांसाठी खास. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लावताना मडक्यात भांबुर्डीचा पाला घालतो, ती बहुतेक ह्याच वालाच्या शेतातली किंवा बांधावरची असते. औषध मारलेल्या शेतातली भांबुर्डी घेऊ नका, न मारलेल्या जागेवरून आणा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू खुडायला बायका त्याच बांधावर जातात, त्यांना आधी सांगा कुठे मारलंय ते. मारलेल्या शेतात गुरं सोडायची नाहीत, लेबलवरचे दिवस भरल्याशिवाय.

मे महिन्यात कुंडीची परीक्षा

राब (भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून केलेली जागा) भाजून झाला की हे करा, फुकट आहे. औषध मारलेल्या शेताच्या चार-पाच जागांवरून वरची चार बोटं माती घ्या, एकत्र करा. न मारलेल्या पट्ट्यातली तशीच घ्या. दोन-दोन कुंड्या किंवा डबे भरा, खुणा करा, प्रत्येकात भाताचे वीस आणि नाचणीचे वीस दाणे. इमॅझेथॅपायरचा संशय असेल तर मोहरीचेही टाका, मोहरी लगेच चुगली करते. सारखं पाणी द्या, सावली-ऊन सारखं, १५-२० दिवस बघा. उगवण, उंची, आणि शेवटी उपटून मुळं. मारलेल्या मातीतली मुळं आखूड, जाड, पांढरी केसाळ मुळं नसलेली दिसली तर त्या खाचरात रोपवाटिका करू नका, लावणीला वापरा, तोवर पावसाने आणि नांगरटीने बराच फरक पडलेला असतो.

आणि खरीपाचं औषध निवडताना रब्बीची वही काढा. भाताला बिसपायरीबॅक किंवा पायराझोसल्फ्युरॉन आणि कडधान्याला इमॅझेथॅपायर, नावं तीन पण तणातलं एकच एन्झाइम तिघंही अडवतात. म्हणजे वर्षातून दोनदा एकाच जागी घाव, आणि त्यातून वाचलेलं तण बी टाकत राहतं. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या गुल्लीदंडा या तणाने १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला असंच दाद देणं बंद केलं होतं. वालात पेंडीमिथॅलिन मारलं असेल तर भाताला बिसपायरीबॅक चालेल. बिसपायरीबॅक दोन वर्षं मारून झालं असेल तर तिसऱ्या वर्षी प्रेटिलाक्लोर, किंवा हात बेणणी. वहीत शेताचं नाव, तारीख, औषध, मिली आणि किती गुंठे एवढं लिहा, दुकानाची पावती त्याच पानाला टाचा. शंका असली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मराठीत उत्तर देतो, फोन करताना बाटली हातात घेऊन बसा, कारण ते पहिला प्रश्न टक्केवारीचा विचारतील.